मान वर करून घेतलेले छायाचित्र

उंच इमारतीच्या पायथ्याशी, रस्त्यावर उभे राहून आणि कॅमेरा वर रोखून घेतलेले छायाचित्र आपण सर्वांनीच पाहिलेले असते. अशा छायाचित्रात इमारतीच्या उभ्या कडा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, माथा निमुळता होतो आणि सबंध इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. वास्तूंच्या छायाचित्रणाच्या रूढ शिस्तीत हा दोष समजला जातो. उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत, हा तिथला पहिला धडा. प्रस्तुत लेखात या 'दोषा'चा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे. साहित्याच्या अभ्यासात 'दृष्टिकोन' हा शब्द आपण रोज वापरतो, पण बहुधा रूपक म्हणून. इमारतीच्या छायाचित्रात तो शब्दशः घ्यावा लागतो. पाहणारा कुठे उभा आहे, तिथेच का उभा आहे आणि दुसरीकडे उभे राहण्याची त्याला मुभा होती का, हे प्रश्न तिथे टाळता येत नाहीत. माझे प्रतिपादन असे, की सरळ रेषांच्या छायाचित्रासाठी पाहणाऱ्याला एक विशिष्ट जागा मिळावी लागते. ती जागा ज्यांना मिळाली नाही त्यांचे पाहणे झुकत्या रेषांच्या छायाचित्रांत नोंदले गेले आहे.

प्रथम यामागची भूमिती पाहू. कॅमेऱ्यातील काच, फिल्म किंवा आजचा संवेदक ज्या प्रतलात असतो, ते प्रतल इमारतीच्या दर्शनी भिंतीला समांतर असेल तर भिंतीच्या उभ्या कडा चित्रातही समांतर राहतात. कॅमेरा वर कलवला की ही समांतरता मोडते. मग रेल्वेचे रूळ क्षितिजाकडे जाताना जसे जवळ येत दिसतात, तसेच भिंतीच्या कडांचे आकाशाकडे जाताना होते. आपल्या डोळ्यांनाही काहीसे तसेच दिसते. परंतु इमारत सरळ आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे मन त्यात दुरुस्ती करून घेते. छायाचित्र अशी दुरुस्ती करीत नाही. ती करायची तर तीन मार्ग आहेत. एक, इमारतीपासून पुरेसे दूर जाणे. दोन, समोरच्या गच्चीवर, सज्जात किंवा मचाणावर चढून निम्म्या उंचीवरून पाहणे. तीन, भात्याचा कॅमेरा वापरणे, ज्यात कॅमेरा न कलवता भिंगाची पाटीच वर सरकवता येते. छोट्या कॅमेऱ्यासाठी अशी सोय असलेले भिंग निकॉनने १९६०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणले. पहिल्या मार्गाला मोकळे मैदान लागते, दुसऱ्याला समोरच्या घरात प्रवेश लागतो आणि तिसऱ्याला पैसा लागतो.

मुंबईत छायाचित्रणाचा आरंभ फार लवकर झाला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतील मराठी नावे. त्या काळातील काचेची पट ओली असतानाच चित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे. तिपाई, जड पेटी, रसायने आणि अंधाऱ्या तंबूचा संसार घेऊन छायाचित्रकार उभा राहत असे. साहजिकच अशी मांडणी भर रस्त्यात, गर्दीत शक्य नव्हती. शिवाय प्रकाश पडू देण्याचा वेळ लांब असल्याने चालती माणसे पटावर उमटतच नसत, किंवा धुरासारखी पुसट उमटत. एकोणिसाव्या शतकातील इमारतींच्या छायाचित्रांतले रस्ते अनेकदा ओसाड दिसतात, त्यामागे हे कारण आहे. माणसे तिथे होती. त्यांनी थांबून राहावे अशी यंत्राची अट होती आणि ती त्यांना परवडणारी नव्हती.

यंत्राच्या या सवयीला नगररचनेचीही साथ मिळाली. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा इमारतींची रांग उभी राहिली. समोर आज आपण ज्याला ओव्हल मैदान म्हणतो ती मोकळी जागा होती. या इमारती दुरून, समोरून, एका नजरेत दिसाव्यात अशाच योजल्या होत्या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या मनोऱ्याची उंची २८० फूट. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईत कधी आलेच नाहीत. मैदानापलीकडून घेतलेले या मनोऱ्याचे सरळ, निष्कंप छायाचित्र हे पुढे मुंबईचे एक ठरावीक दृश्य होऊन बसले.

या मनोऱ्यावर एक गोष्ट आहे जी मैदानापलीकडून नीट दिसत नाही. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे त्यावर वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले आहेत. साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी ते घडवले. दुरून घेतलेल्या चित्रात हे पुतळे म्हणजे नक्षीतले ठिपके वाटतात. त्यांचे चेहरे, पागोटी, वेश ओळखायचे असतील तर मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन मान वर करावी लागते. म्हणजे या प्रदेशातील माणसांच्या प्रतिमा वर, आणि ती माणसे स्वतः खाली रस्त्यावर. त्या दोहोंची गाठ पडते ती याच तथाकथित सदोष कोनातून.

इथे आमच्या परभणीकडे वळले पाहिजे, कारण परभणी जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाची छायाचित्रे म्हटली की लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) यांचे नाव पुढे येते. निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. दीनदयाळ मूळचे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून काम केलेले. त्यांच्या वास्तुचित्रांत उभ्या रेषा ओळंब्याला लावल्यासारख्या असतात. ही आरेखकाची नजर आहे. तिच्यात इमारत मोजता येते, तिचे खांब मोजता येतात, तिचा नकाशा काढता येतो. ज्या सत्तेला आपल्या मुलखातील वास्तूंची मोजदाद हवी होती तिला हीच नजर उपयोगी होती.

या नजरेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर घ्या. यादवकाळातले, खाली दगडी बांधणी आणि वर विटांचे शिखर असलेले हे मंदिर गोदावरीच्या काठी आहे. अशा वास्तूचे जतन करायचे तर भिंत खरोखर कलली आहे की कॅमेऱ्याने ती कलती दाखवली, हे निश्चित कळायला हवे. तिथे सरळ रेषांचे, मोजपट्टीसह घेतलेले छायाचित्रच पुरावा ठरते. मुद्दा एवढाच की हे एका विशिष्ट कामासाठी केलेले पाहणे आहे. त्यालाच पाहण्याचा एकमेव शुद्ध प्रकार मानले, की बाकी सारे पाहणे अशुद्ध ठरते.

या शुद्धतेला उघड आव्हान मिळाले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, युरोपात. हातात मावणारे कॅमेरे आले. १९२५ साली लायका बाजारात आला. छायाचित्रकार तिपाईपासून सुटला आणि त्याची मान मोकळी झाली. अलेक्झांडर रॉडचेन्को यांनी १९२५ साली मॉस्कोत आपण राहत असलेल्याच इमारतीची छायाचित्रे घेतली. भिंतीला जवळजवळ चिकटून, सरळ वर पाहत घेतलेल्या या चित्रांत सज्जे एकावर एक रचल्यासारखे दिसतात आणि शिडीवरचा माणूस आकाशात लटकल्यासारखा. जर्मनीत देसाऊ येथे लास्लो मोहोय-नॉज यांनी बाउहाउसच्या सज्ज्यांची अशीच चित्रे घेतली. वास्तुकार एरिक मेंडेलसोन यांचे अमेरिकी शहरांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२६ साली निघाले, तेव्हा एल लिसित्स्की यांनी त्याच्या परीक्षणात असा अभिप्राय दिला, की यातली काही चित्रे समजून घ्यायची तर पुस्तक डोक्यावर धरून फिरवावे लागेल. त्या अभिप्रायात थट्टा आहे आणि नेमकी जाणही आहे. हे चित्र टेबलावर ठेवून पाहण्याचे नाही. वाचकालाही मान वर करायला लावणारे आहे.

१९२८ साली एका सोव्हिएत छायाचित्रण मासिकाने रॉडचेन्को यांच्यावर पाश्चात्त्यांची नक्कल केल्याचा आरोप छापला. त्यांच्या उत्तरातला गाभा असा होता, की पोटाच्या उंचीवरून समोर पाहणे ही नैसर्गिक दृष्टी नाही, ती जुन्या चित्रकलेने लावलेली सवय आहे. बहुमजली शहरात राहणारा माणूस खालून वर आणि वरून खाली असेच रोज पाहतो. हा युक्तिवाद आजही पटण्यासारखा आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच रॉडचेन्को यांनी १९३३ साली कैद्यांच्या सक्तीच्या श्रमातून खोदलेल्या श्वेत समुद्र कालव्याची छायाचित्रे त्याच धाडसी कोनांतून घेतली आणि ती राजवटीच्या प्रचाराला उपयोगी पडली. पुढे नेत्यांचे पुतळे, लष्करी संचलने आणि मालाच्या जाहिराती यांनीही हा कोन आपलासा केला. खालून पाहिल्याने वस्तू भव्य दिसते, आणि भव्यतेची गरज सत्तेला नेहमीच असते. तेव्हा कोन हा स्वतःहून ना बंडखोर असतो ना आज्ञाधारक. वर काय आहे आणि खाली कोण आहे, यांच्या नात्यावर सारे अवलंबून असते.

मराठी वाचकाला हे नाते समजायला युरोपची फारशी गरज पडू नये. आपल्याकडे वर पाहण्याला छायाचित्राच्या कितीतरी आधीचा इतिहास आहे. गर्दीमुळे वा अन्य कारणाने गाभाऱ्यापर्यंत जाता आले नाही, तर कळसाचे दर्शन घेऊन परत फिरण्याची वारकऱ्यांची रीत आपण जाणतो. ही रीत श्रद्धेची आहे, पण काहींच्या बाबतीत ती सक्तीचीही होती. चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला बाहेरचे दर्शन आले. परंपरेनुसार इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली त्यांचा अंत झाला. जो आयुष्यभर उंच शिखराकडे खालून पाहत राहिला, तो उंच भिंत बांधतानाच तिच्याखाली गाडला गेला. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. ते दार साऱ्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले.

दुसरी कथा आमच्याच भागातली आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात होते. नामदेव तिथे देवासमोर कीर्तन करीत असता त्यांना मागे जायला सांगण्यात आले. ते मागे जाऊन गाऊ लागले तेव्हा देऊळच त्यांच्या दिशेने फिरले, अशी आख्यायिका आहे. दृष्टिकोनाच्या चर्चेत ही कथा फार मोलाची वाटते. भक्ताला समोरची जागा नाकारली गेली, तर समोरची बाजू कोणती हेच बदलून टाकण्याचे सामर्थ्य लोककल्पनेने त्याच्या जागेला दिले. जे औंढ्याला गेले असतील त्यांना हेही आठवेल, की त्या मंदिराच्या भिंतीवरून नजर वर नेताना खालचे काळ्या दगडातले यादवकालीन कोरीवकाम संपते आणि वर नंतरच्या काळात बांधलेले, चुन्याने लिंपलेले शिखर सुरू होते. मोडतोड आणि पुनर्बांधणी यांचा सारा इतिहास एका उभ्या रेषेत वाचता येतो, मात्र तो वाचायला पायथ्याशी जावे लागते.

या पार्श्वभूमीवर परभणीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचा विचार करू. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तो मुंबईत ज्या स्थानकावर उतरतो, तेच मुळी मान वर करायला लावणारे आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेलेले, १९९६ पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस या नावाने ओळखले गेलेले आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे स्थानक. त्याच्या मधल्या घुमटावर हातात मशाल आणि चाक घेतलेली 'प्रगती'ची मूर्ती आहे. कामाच्या, नोकरीच्या, शिक्षणाच्या शोधात आलेला माणूस स्थानकाबाहेर पडून मागे वळतो तेव्हा ही प्रगती त्याच्या डोक्यावर फार उंच असते. त्याला समोरच्या इमारतीची गच्ची उपलब्ध नसते, आणि मागे सरकायला मैदानही नसते. तो जिथे आहे तिथूनच छायाचित्र घेतो. रेषा झुकतात.

मराठी साहित्यात हा कोन कॅमेऱ्यावाचून आलेला आहे. अण्णाभाऊ साठे लहानपणी वाटेगावहून पायी चालत मुंबईला आले. त्यांनी मुंबईवर रचलेल्या लावणीत उंचावरची मलबार हिल आणि राबणाऱ्यांचे परळ आमनेसामने उभे आहेत. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, तेव्हा त्या शहरात २८० फूट मनोऱ्याचे दुसरे विद्यापीठ कधीचे उभे होते, हे वाचकाने ध्यानात ठेवायला हवे. सुर्वे यांचे विद्यापीठ रस्त्याच्या पातळीवर भरते. त्यांची कविता वाचताना शहर आपल्याला दुरून, सबंध, रेखीव असे दिसत नाही. ते अंगावर येते.

छायाचित्रांच्या संदर्भात मात्र अंगावर येणाऱ्या शहराला उत्तर देण्याची एक युक्ती सामान्य माणसांनी आणि सामान्य छायाचित्रकारांनी मिळून शोधली. गेटवे ऑफ इंडियाजवळ पर्यटकांची छायाचित्रे काढणारे व्यावसायिक पाहावेत. १९२४ साली खुली झालेली ही कमान ८३ फूट उंच आहे. गावाकडून आलेले कुटुंब आणि ही सबंध कमान एका चौकटीत बसवायची तर छायाचित्रकार गुडघ्यावर बसतो, कधी जवळजवळ जमिनीला टेकतो, आणि कॅमेरा वर रोखतो. परिणाम असा होतो, की समोर उभा असलेला माणूस कमानीच्या बरोबरीचा उंच दिसू लागतो. जो कोन रिकाम्या इमारतीला भव्य करतो, तोच तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसालाही उंची देतो. तालुक्याच्या गावांतील स्टुडिओंमध्ये पूर्वी रंगवलेल्या पडद्यावर ताजमहाल वा मोठे शहर असे, आणि त्यापुढे माणसे ताठ बसत. मुंबईच्या रस्त्यावर तो पडदा गळून पडला आणि खरी इमारत मागे आली. अशी चित्रे मराठवाड्यातील कितीतरी घरांच्या भिंतींवर आणि पेट्यांत आहेत. वास्तुशास्त्राचा अभ्यासक त्यांना दाद देणार नाही. पण 'मी तिथे होतो आणि त्या उंचीपुढे उभा राहिलो' हे विधान त्यांच्याइतके स्पष्ट अन्य कोणत्या कागदावर सापडेल?

गिरणगावात मान वर करण्याचे ठिकाण म्हणजे धुराडे. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली, आणि पुढे शतकभर धुराडी हीच परळ-लालबागची शिखरे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरील वर्ल्ड वन या निवासी इमारतीची उंची २८० मीटर आहे. राजाबाई टॉवर २८० फूट, वर्ल्ड वन २८० मीटर; आकडा तोच, एकक बदलले. फरक उंचीपुरता नाही. राजाबाई टॉवरसमोर निदान सार्वजनिक मैदान ठेवलेले होते. नव्या मनोऱ्यांच्या भोवती भिंती आहेत, अरुंद रस्ते आहेत, आणि त्यांची जाहिरातीतली चित्रे बहुधा आकाशाच्या उंचीवरून दाखवलेली असतात. एखाद्या गिरणी कामगाराच्या मुलाला त्याच जागेचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर भिंतीबाहेरच्या पदपथावरून वर पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

आता या झुकत्या रेषा पुसण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आले आहे. मोबाइलमधल्या संपादनाच्या सोयीत एक पट्टी सरकवली की उभ्या रेषा सरळ होतात. ही दुरुस्ती चित्राचा माथा ताणून आणि कडांचा काही भाग कापून केली जाते. त्या कडांमध्ये कधी रस्त्यावरची माणसेही असतात. मग इमारत अशी दिसते, जणू छायाचित्रकार समोरच्या दहाव्या मजल्यावर उभा होता. ही सोय वापरू नये असे म्हणण्याचा हेतू नाही. पण दुरुस्त चित्रातून 'मी कुठे उभा होतो' ही नोंद निघून जाते, एवढे भान असावे.

संग्रहालयांत आणि सरकारी दप्तरांत सरळ रेषांची चित्रे जपली जातात; त्यांच्यावर सन, स्थळ आणि छायाचित्रकाराचे नाव असते. घरोघरच्या झुकत्या चित्रांवर बहुधा यांपैकी काहीच नसते, आणि ज्यांना ते सांगता येईल अशी माणसे थकत चालली आहेत. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे झालेल्या स्थलांतराचा इतिहास आपण कथा-कादंबऱ्यांतून आणि आत्मकथनांतून शिकवतो. त्याच्या शेजारी ही चित्रे ठेवून वाचण्याचे काम मराठी विभागांना करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातले असे एक छायाचित्र घ्यावे, ते कोणत्या साली, कोणत्या इमारतीपुढे, कोणत्या कामासाठी गेले असता काढले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. इमारत सरळ आली आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.